डाव्या खटक्याची उसवण

‘पुलावर पाणी चढतं तिथे मला शाळेत हरवलेली छत्री आठवली. का, ते विचारू नका.’

कंबर एकतीस, उंची अडतीस. सैल हवं म्हणते, पण फार नको.

‘दिवेवाली कमी बोलते. आवडली.’

निळा दोरा संपला. काळा चालेल का, विचारणे.

‘मागे जाताना कुणीतरी बाही धरतं.’

‘चौकातल्या घड्याळाला चार काटे आहेत. चूक आहे की मुद्दाम? मुद्दाम असेल तर छान. चूक असेल तर जास्त छान.’

परवा न्यायला येणार. उजवा खांदा उतरतो.

‘बोट दुखलं.’

एक कोरी चिठ्ठी. कोपऱ्यात बोटाचा ओला ठसा.

मित्रांनो, गोंधळू नका. या सगळ्या चिठ्ठ्या एकाच खोक्यातल्या आहेत. काहींवर एका व्हिडिओ गेमबद्दल खेळणाऱ्यांची मतं आहेत, काहींवर कपड्यांची मापं. दोन्हींचा कागद एकाच वहीतला. खालच्या मजल्यावर आई कपडे शिवायची, वरच्या खोलीत तिच्या दोन मुली गेम बनवायच्या, आणि त्या घरात वहीचं पान फाडायला कुणी कुणाला विचारत नसे.

मी त्या घरातला कंट्रोलर, दोन्ही हातांत धरून गेम खेळतात तो. रंग करडा, मुठी दोन, उजव्या मुठीवरची छपाई घामाने पुसलेली. आता जुना झालोय. आई मला अजून रिमोट म्हणते. मुलींनी तिला शंभरदा सांगून पाहिलं, शेवटी नाद सोडला.

माझी हकीकत सरळ सांगता येईल याची मला खात्री नाही. आयुष्यभर लोकांनी माझा डावा खटका दाबून काळ मागे नेला. तुम्हाला कुणी दिवसातून चारशे वेळा मागे ओढलं, तर तुमच्याही आठवणींच्या घड्या मोडतील. तरी सांगतो. कुठे टाका चुकला, तर तेवढा उसवून घ्या.

*

जन्म धूसर आठवतो. एक सरकता पट्टा, पांढरा उजेड, हातमोज्यातले हात. माझ्यापुढे माझ्यासारखाच एक, माझ्यामागे माझ्यासारखाच एक. कुणीतरी माझं प्रत्येक बटण एकेकदा दाबलं आणि मला पुढे ढकललं. एवढीच परीक्षा. मी पास झालो. मग खोक्यातला अंधार, आणि अंधारानंतर एकदम चार हात.

थोरली तेव्हा कॉलेजात होती, धाकटी शाळेत. कंट्रोलर एकच. “पाच मिनिटं तुझी, पाच माझी,” असा करार होता, आणि धाकटीची पाच मिनिटं कायम सातावर जायची. हरली की ती मला फेकायची. गादीवरच फेकायची, हे तिच्या बाजूने सांगायला हवं.

मला कान नाहीत, मित्रांनो. पण टेबलावर ठेवलेल्या वस्तूला टेबल सगळं सांगतं. आणि हातात धरलेल्या वस्तूला हात सांगतात. ते तर तोंडापेक्षा खरं बोलतात.

मग थोरली नोकरीला लागली, धाकटी चित्रं काढायला शिकायला गेली, आणि मी कपाटात गेलो. किती वर्षं, ते माहीत नाही. कपाटात काळ पुढेही जात नाही आणि मागेही. तो नुसता कपड्यांसारखा घडी घालून असतो.

एका दुपारी कपाट उघडलं. थोरली ऑफिस सोडून घरी आली होती.

“आपण खेळ करायचा,” ती म्हणाली. “आपला स्वतःचा. चित्रं तुझी, बाकी माझं.”

“आणि आई?” धाकटीने विचारलं.

“मी चहा करीन,” आई खालून ओरडली. जिन्यालाही कान होते त्या घरात.

*

पहिल्याच आठवड्यात मी जिन्यावरून पडलो. धाकटीच्या एका हातात चित्रांच्या वह्या, दुसऱ्या हातात कप, आणि मी हनुवटीखाली. अकरा पायऱ्या. प्रत्येक पायरी मला वेगळी आठवते. खाली पोचलो तेव्हा माझा डावा खटका लुळा पडला होता. आतली स्प्रिंग तुटली होती.

“जाऊ दे, नवा घेऊ,” थोरली म्हणाली.

“नवा कशाला?” आईने चष्मा कपाळावर सरकवला. “हात मोडला म्हणून माणूस बदलतात का? आण इकडे.”

“अगं, त्यात बारीक स्प्रिंग असते.”

“मग माझ्याकडे काय नांगर असतात? जा दोघी, चहा टाका. डोक्यावर उभ्या राहू नका.”

आईने मला छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडलं. चिमट्याने तुटका तुकडा काढला, दिव्यासमोर धरून पाहिला आणि बराच वेळ बसून राहिली. चहा येईपर्यंत मी पुन्हा मिटलो होतो.

थोरलीने डाव्या तर्जनीने खटका दाबला. “आई, ताठ झालाय गं फार.”

“टेन्शन जास्त बसलंय. वापरलं की सैल होईल.”

“लोक टेन्शन कमी करून घ्यायला डॉक्टरकडे जातात,” धाकटी म्हणाली, “आणि आमची आई वाढवून देते.”

“कुठली स्प्रिंग घातलीस?” थोरलीने विचारलं.

“होती डब्यात,” आई म्हणाली, आणि कप उचलला.

मित्रांनो, मशीनवर शिवणारे लोक दोऱ्याच्या ताणाला टेन्शन म्हणतात. कमी झालं तर टाका लोंबतो, जास्त झालं तर कापड चुण्या धरतं. माझं जास्तच झालं होतं. आणि ते वापरून सैल झालं नाही. दोन वर्षांत एक केसभरही नाही.

*

खेळाला नाव मिळालं ते एका बाहीमुळे.

थोरलीला काळात मागे जाणारी नायिका हवी होती. नायिका तयार होती: लांब आकडीने रस्त्यावरचे दिवे लावणारी, त्याच आकडीने लढणारी, कौलांवरून पळणारी दिवेवाली. तिचं गाव हळूहळू पाण्याखाली जात होतं, आणि एकेका काळातून एकेक दिवा आणून तिला ते पुन्हा उजळायचं होतं. पण मागे जाणं म्हणजे नेमकं काय, ते थोरलीला सापडत नव्हतं. मला हातात धरून ती आईच्या टेबलाशी येऊन बसली.

आई एका कोटाची बाही सोडवत होती.

“टरकन ओढून टाक ना,” थोरली म्हणाली.

“ओढलं तर फाटेल. फाडणं वेगळं आणि उसवणं वेगळं.” आईने सुईच्या टोकाने एक टाका उचलला. टक्. “उसवायचं म्हणजे शिवलं त्याच वाटेने परत जायचं. एकेक टाका. आपण कुठे चुकलो ते दिसेपर्यंत.”

थोरली तशीच उठली आणि वर गेली. त्या दिवशी खेळाचं नाव ‘उसवण’ पडलं. डावा खटका दाबून धरला की काळ नऊ सेकंद उसवायचा. पडलेली कौलं वर चढायची, विझलेला धूर दिव्यात परत शिरायचा, पावसाचे थेंब पायऱ्या चढल्यासारखे ढगाकडे जायचे.

ती दोन वर्षं मी जागा होतो की झोपेत, मला सांगता येणार नाही. रोज तेच गाव. रोज तोच पूल. सकाळ, दुपार आणि पाण्याखालची हिरवी संध्याकाळ, तिन्ही एकमेकांत मिसळलेल्या. धाकटी खिडकीत बसून लाटा काढायची. थोरली मला धरून म्हणायची, “जरा जड वाटतंय,” आणि काहीतरी बदलायची. “आता बरोबर,” म्हणायची. तिचं ‘बरोबर’ माझ्या खटक्यातून तिच्या बोटात जात होतं, हे मला कळत होतं. तिला कळत नव्हतं. मी सांगणार कसा?

त्याच काळात आईला हातशिलाईचं वेड लागलं. बाह्यासुद्धा ती हातानेच जोडायला बसायची.

“मशीन रुसलंय का तुझं?” धाकटीने एकदा विचारलं.

“मशीनच्या टाक्याला घाई असते,” आई म्हणाली. “हाताच्या टाक्याला माया.”

धाकटीने ते वाक्य खेळात दिवेवालीच्या तोंडी घातलं. तिचं ते सगळ्यात लांब वाक्य.

*

मग ते प्रदर्शन. एक मोठा हॉल, साठ टेबलं, प्रत्येक टेबलावर कुणाचा ना कुणाचा नवा खेळ. आमचं टेबल स्वच्छतागृहाच्या वाटेवर होतं.

“वाईट जागा मिळाली,” थोरली म्हणाली.

“वेडी आहेस का? इथे प्रत्येकाला यावंच लागतं,” धाकटी म्हणाली, आणि तिचं खरं ठरलं.

त्या एका दिवसात मला सत्तर जणांनी हातात घेतलं. थंड हात, चिकट हात, नखं खाल्लेले हात. एका शाळामास्तरीण बाईंनी मला खडूसारखं धरलं. एका जाड्या न्हाव्याने इतकं अलगद, की मला झोप आली. खेळून झालं की धाकटी मापाच्या वहीतला कागद पुढे करायची: “मत लिहा. खोटं लिहिलंत तरी चालेल, पण लिहा.”

लोक लिहायचे एक आणि त्यांचे हात बोलायचे दुसरंच. ‘ठीक आहे’ लिहिणाऱ्याच्या तळहाताची पन्हाळ घामाने भरलेली असायची. ‘अप्रतिम’ लिहिणाऱ्याचा अंगठा दहाव्या मिनिटालाच पेंगलेला. पण एक गोष्ट सगळ्यांनीच लिहिली, आपापल्या शब्दांत. मागे जाताना काळ ओढतो. बाही धरतो. सहज सुटत नाही.

दुपारी एक रुग्णवाहिकेचा चालक आला. गणवेशातच होता, जेवणाच्या सुट्टीत. तो पुलापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला.

पुलावर एक म्हातारी दिवा धरून उभी असते. पाणी चढतं, तिचा पाय घसरतो. नऊ सेकंद उसवले की ती पुन्हा उभी दिसते. पण आकडी तिच्यापर्यंत पोचायला दहा सेकंद लागतात. थोरलीने ते मुद्दाम तसं ठेवलं होतं. म्हातारी वाचत नाही. पुलाच्या कठड्यावर राहिलेला तिचा दिवा घेऊन पुढे जायचं असतं.

चालकाने उसवलं. पुन्हा उसवलं. माझ्या ताठ खटक्यावर त्याचं बोट टिकेना, सटकायचं, म्हणून काळ एका सलग ओघात मागे न जाता एकेक सेकंद अडखळत जायचा.

“काका, ती वाचत नाही,” धाकटी हळूच म्हणाली.

“कळलं मला,” तो म्हणाला, आणि परत दाबलं.

मी मोजलं. एक्केचाळीस वेळा. त्यानंतर त्याचं बोट थरथरायला लागलं. त्याने हात झटकला, बोटं मिटली, उघडली. मग दिवेवालीने दिवा उचलला आणि पूल ओलांडला. त्याने मला टेबलावर इतक्या सावकाश ठेवलं, जणू मी झोपलेलो होतो. चिठ्ठी हातात घेतली, काही लिहिलं नाही, तशीच परत दिली. ती कोरी चिठ्ठी तुम्ही वर पाहिलीत.

*

खेळ सगळ्यांसाठी खुला झाला त्या आठवड्यात घरात एक नवा पांढरा कंट्रोलर आला. चकचकीत, हलका, खटके लोण्यासारखे. धाकटीने मला पुसलं, “तू आता आराम कर हं, आजोबा,” म्हणाली, आणि आईच्या बटणांच्या डब्यात ठेवलं. कोटाची बटणं, उशीची बटणं, आणि त्यांत मी, सोळा बटणांचा.

त्याच आठवड्यात थोरलीच्या जुन्या साहेबांचा फोन आला होता. महिनाअखेरीपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो, मग नाही. ऑफिस दुसऱ्या शहरात. थोरली आईला म्हणाली, “लोकांना खेळ नाही आवडला, तर मी जाईन. मग वरची खोली बंद. धाकटीला एकटीला नाही झेपायचं.”

आईची सुई चालू राहिली.

मतं यायला लागली. थोरली ती पडद्यावर वाचायची आणि जी लागायची ती मापाच्या कागदावर उतरवून घ्यायची. सवयच होती तिला; गिऱ्हाइकांचे फोनही तीच घ्यायची आणि निरोप त्याच कागदांवर लिहून टेबलावर ठेवायची.

‘चित्रं सुंदर. काळ मात्र निसरडा.’

‘मागे जाणं इतकं फुकट आहे, की पुढे जायची गरजच काय?’

‘म्हातारीपाशी कंटाळलो. बोट ठेवलं की मागे, बोट काढलं की पुढे. पंख्याचं बटण आहे का हे?’

‘शांत आहे. झोप लागली. (तक्रार नाही.)’

तिसऱ्या दिवशी ‘एक तटस्थ खेळाडू’ या नावाने सात मतं आली. सगळी एकाच दुपारी. सगळ्यांत ‘अद्वितीय’ हा शब्द, आणि सगळीकडे चुकीचा लिहिलेला.

“धाकटे,” आई म्हणाली.

“काय?”

“‘अद्वितीय’ला द्वि असतो. दि नाही. चौथीपासून सांगतेय.”

थोरलीने ती सातही मतं काढायला लावली. धाकटी रडली, मग चिडली. “प्रदर्शनात सत्तर माणसं खोटं बोलली का? खेळ तोच आहे! एक ओळ बदललेली नाही!”

“तेच तर कळत नाहीये,” थोरली म्हणाली.

मला कळत होतं. मी डब्यात होतो. मित्रांनो, खरं ठाऊक असावं आणि तोंड नसावं, यासारखं दुसरं एकटेपण नाही. मी बटणांत पडून त्या गावाची स्वप्नं पाहत होतो. स्वप्नात पाणी वर चढायचं, आणि मी खटका दाबायला बोट शोधायचो.

नवव्या दिवशी चालकाचं मत आलं. त्याने खेळ घरी आणला होता, त्याचा कंट्रोलर नवा होता. थोरलीने ते कागदावर उतरवलं, एकदा वाचलं, टेबलावर ठेवलं आणि बॅग भरायला वर गेली.

कागद आईच्या हाताला लागला. त्यावर लिहिलं होतं:

‘हे ते नाही. आधी धरून ठेवायचं, आता सैल आहे, घसरतं. तुम्ही यातून काहीतरी काढून घेतलंय.’

आईच्या हातातून कात्री सुटली.

“अगं ए!” तिने हाक मारली. “कुणाचा फोन होता? त्या कोटवाल्या बाई का?”

थोरली जिन्यात आली. “कुठला फोन?”

“हा निरोप. सैल आहे, घसरतं... त्यांना म्हणावं, माझी चूक, घाईत मशीनवर मारली शिलाई. सगळं उसवून हाताने परत शिवून देते. आजच देते. मला वाटलंच होतं, एक दिवस कुणीतरी बोलणार.”

थोरली बघत राहिली आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली. “आई, ते कपड्याचं नाहीये गं. खेळाचं मत आहे.”

“खेळाचं?”

“खेळाचं.”

आई खुर्चीवर टेकली. पाणी प्यायली. तिचा चेहरा इतका का उतरला होता, हे कुणी विचारलं नाही. बॅग अर्धी भरलेल्या घरात असले प्रश्न राहून जातात.

मग हळूहळू तिच्यातली शिवणारी बाई जागी झाली. तिने कागद पुन्हा वाचला. “पण खेळ सैल कसा होईल? कापड तेच, दोरा तोच, टाका तोच, म्हणताय ना तुम्ही?”

“हो.”

“मग टेन्शन बदललं असेल.”

“आई, खेळाला टेन्शन नसतं,” धाकटी म्हणाली. “आम्हाला असतं.”

पण थोरली जिन्यातच थिजली होती. तिची नजर टेबलावरून फिरत फिरत बटणांच्या डब्यावर आली.

*

डब्याचं झाकण उघडलं तेव्हा उजेड आधी आला, मग बोटं. ओळखीची. डाव्या तर्जनीला घट्टा पडलेला होता, माझ्यामुळेच.

तिने एका हातात मला धरलं आणि दुसऱ्या हातात पांढऱ्याला. त्याच पुलावर, त्याच पाण्यात. आधी तो, मग मी. पुन्हा तो, पुन्हा मी.

“धाकटे,” ती फार हळू बोलली, “आपण दोन वर्षं खेळ नव्हतो बनवत. हा खटका बनवत होतो.”

“म्हणजे?”

“ओढ खेळात नव्हतीच. याच्यात होती. आपण त्याच्यावर विसंबून बाकीचं सगळं मऊ करत गेलो.”

धाकटीने दोन्ही दाबून पाहिले. “मग काय, आता प्रत्येकाला पोस्टाने स्प्रिंग पाठवायची? आई, आहेत का अजून डब्यात?”

“तसली एकच होती,” आई म्हणाली.

महिना संपायला आठ दिवस होते. बॅग जिन्याखाली तशीच राहिली.

आधी मोजमाप झालं. आईने अस्तराच्या कापडाची छोटी पिशवी शिवली, ती माझ्या खटक्याला अडकवली आणि तिच्यात कोटाची बटणं टाकायला लागली. पांढऱ्याचा खटका बाराव्या बटणाला झुकला. माझा एकतिसाव्याला. थोरलीने कागदावर लिहिलं: बारा, एकतीस. खाली दोन रेघा मारल्या.

पण बटणांचं वजन खेळात कसं घालायचं? पहिल्यांदा तिने काळ नुसता संथ केला. धाकटी म्हणाली, “कपाट सरकवल्यासारखं वाटतंय.” दुसऱ्यांदा काळ मधेच अडकवला. “हे तर बिघडल्यासारखं वाटतंय.” तिसरा दिवस, चौथा दिवस. दर वेळी ती मला हातात घ्यायची, डोळे मिटायची आणि दाबायची. मी तिला सगळं सांगत होतो. तिला अर्धंच ऐकू येत होतं.

पाचव्या दिवशी आई एका ब्लाउजचा गळा सोडवत होती. टक्. टक्. टक्. वर खिडकीत बसलेल्या धाकटीने मान उचलली.

“ताई, आपण काळाला टरकन ओढतोय. आई ओढते का?”

त्या दिवसापासून उसवणमध्ये खटका धरून ठेवता येत नाही. एक दाब, एक टाका, एक सेकंद. नऊ सेकंद मागे जायचं तर नऊ वेळा दाबा, आणि प्रत्येक दाबाला सुईच्या टोकावर दोरा सुटल्याचा बारीक आवाज. तो आवाज आईने दिलाय. धाकटीने तिच्यासमोर माइक धरला, आणि आईने एका जुन्या परकराचे टाके उसवून दिले. दोनदा शिंक आली, ती काढून टाकावी लागली.

नवी आवृत्ती गेली. मतं आली, आणि ती काही सगळी गोड नव्हती.

‘आधीचं सोपं होतं. आता हात भरून येतो. हा खेळ आहे की व्यायाम?’

‘कुणाला सुचलं हे? त्याला शोधून आणा, मला त्याच्याशी बोलायचंय. चांगलं बोलायचंय.’

‘बाही धरतं.’

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी थोरली मला हातात घेऊन पुलावर उभी होती, म्हणजे दिवेवाली उभी होती, तेव्हा चालकाचं मत आलं. धाकटीने मोठ्याने वाचलं.

‘आता तेच आहे. घरी मी त्या म्हातारीपाशी दोन दिवस अडकलो होतो. मागे जायला काही लागतच नव्हतं, मग थांबणार कसा? काल बोट दुखलं. तेव्हा दिवा उचलला. आमच्या कामात कुठे थांबायचं ते सांगायला असं बोट दुखत नाही, म्हणून सांगतो. आभार.’

खाली सुईसुद्धा थांबली होती.

फोन वाजला. ऑफिसचा होता. थोरलीचे दोन्ही हात माझ्यात गुंतलेले, आणि तिने ते सोडवलेही नाहीत. फोन धाकटीने उचलला.

“नाही हो,” ती म्हणाली, “ती कामात आहे.” मग थोडं थांबून: “कायमची.”

*

आता मी निवांत असतो. आईच्या टेबलावर, कागदी नमुने उडू नयेत म्हणून त्यांच्यावर बसलेला. दुपारी ऊन माझ्या मुठीवर येतं आणि मला ते गाव दिसतं: कौलं वर चढताना, धूर दिव्यात परतताना. कधी वाटतं, मी कुणाच्या तरी हातातला एक सेकंद आहे, आणि कुणीतरी मला सावकाश उसवतंय. भीती वाटत नाही. वाट ओळखीची आहे.

गिऱ्हाईक आलं की मला उचलून बघतं. “हे काय हो?” विचारतं.

“रिमोट,” आई सांगते.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी दुरुस्त केलेली वस्तू असेल. ताठ झालेली, कुरकुरणारी, नव्यासारखी न वागणारी. तिला एकदम टाकून देऊ नका. ती जिथे अडते तिथे बोट ठेवून पाहा; तिथे कुणीतरी काहीतरी घातलेलं असतं. आणि कुणाच्या कामाबद्दल मत लिहायची वेळ आली, तर आधी आपल्या हाताला विचारा. हात म्हणेल ते लिहा. काहीच म्हणत नसेल, तर कोरा कागद द्या. चालतो तोही.

ज्या मंगळवारी मी जिन्यावरून पडलो, त्या दिवशी आईच्या डब्यात स्प्रिंग नव्हती; तिने ती आपल्या चालू शिलाई मशीनमधून काढली होती.